जनरल एज्युकेशनचे कोर्स कम्युनिटी कॉलेजात करून ट्रान्सफर: कोणता कोर्स कुठे धरतात?

रानजाई

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी इथे तुकड्यातुकड्यात बरंच बोलणं झालंय पण एका जागी काही सापडत नाही म्हणून नवीन धागा काढतेय. मुलगा यंदा बारावी संपवतोय, आम्ही सॅन होजेला आहोत. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी असं त्याचं त्यानेच ठरवलंय आणि आम्हालाही ते पटलंय. फीचा फरक तर आहेच पण त्याला अजून मेकॅनिकल की कॉम्प्युटर सायन्स हेही नक्की कळत नाहीये, तेवढा वेळ मिळेल.

अडलंय ते जनरल एज्युकेशनपाशी, म्हणजे जीई, मेजर (मुख्य विषय) सोडून सगळ्यांना करावे लागणारे कोर्स. एक जण सांगतो पूर्ण जीई इथेच संपवून जा, तिकडे गेल्यावर फक्त मेजरचे कोर्स राहतील. दुसरा सांगतो इंजिनिअरिंगवाल्याने जीईच्या नादी लागूच नये. एक म्हणतो आयगेट्सी (ट्रान्सफरसाठीची जीईची ठरलेली यादी) कर, एक म्हणतो ते बंद झालं आता कॅल-गेट्सी. ओळखीतल्या एका मुलाचे दोन कोर्स ट्रान्सफर झाल्यावर जीईत धरलेच नाहीत, युनिट (क्रेडिट) मिळाले पण रिक्वायरमेंट पूर्ण झाली नाही आणि एक अख्खं सेमिस्टर वाढलं. त्यामुळे धास्ती आहे. मुलाचं एपी (हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) इंग्लिश लँग्वेज आणि एपी बायोलॉजी झालंय, दोन्हीत ४. शिवाय हायस्कूलमधून ड्युएल एनरोलमेंटचा (शाळेत असतानाच कॉलेजात करायचा) एक सायकॉलॉजीचा कोर्सही केलाय. यातलं काय कुठे बसतं?

ज्यांनी स्वतः केलंय किंवा मुलांचं केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, दुसऱ्या स्टेटमधल्यांनीही लिहा.

पक्या_फ्रीमाँट

थोडक्यात लिहितो, बाकीचे भर घालतीलच. पहिलं काम म्हणजे असिस्ट डॉट ऑर्ग उघडून बसा. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजेस, यूसी आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, सॅन होजे स्टेट त्यातलंच) यांच्यातले सगळे करार तिथे आहेत, कुठल्या कॉलेजातला कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला कशाच्या बदल्यात धरतात ते ओळीने दिसतं. मित्राने सांगितलं, कोणाच्या ग्रुपवर वाचलं यावर एकही कोर्स घेऊ नका.

आणि क्रम असा ठेवा, आधी मेजरची तयारी मग जीई. ॲडमिशन देताना इंजिनिअरिंग, सीएस वगैरेवाले कॅल्क्युलस, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग झालंय का ते बघतात. जीई पूर्ण आणि फिजिक्स अर्धं असं घेऊन गेलेल्याला कोणी विचारत नाही.

मालविका२१

रानजाई काकू, मी डी अँझा कम्युनिटी कॉलेजहून यूसी डेव्हिसला ट्रान्सफर झाले, सोशिऑलॉजी. माझं पूर्ण जीई कम्युनिटी कॉलेजातच झालं आणि मला त्याचा खूप फायदा झाला, म्हणून लिहितेय.

माझ्या वेळी आयगेट्सी होतं. २०२५ च्या फॉलपासून जी मुलं पहिल्यांदा कॉलेज सुरू करतायत त्यांच्यासाठी कॅल-गेट्सी, तुमच्या मुलाला तेच लागू होणार. आधी सीएसयूची जीईची यादी वेगळी आणि यूसीला चालणारी आयगेट्सी वेगळी, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याची ओढाताण व्हायची. २०२१ साली एबी ९२८ नावाचा कायदा झाला आणि दोघांसाठी मिळून एकच यादी आली. एकूण ३४ सेमिस्टर युनिट, साधारण ११ कोर्स.

त्यात काय काय येतं ते सांगते. एरिया वन म्हणजे इंग्लिश, त्याचे तीन भाग, एक साधं कॉम्पोझिशन, दुसरं क्रिटिकल थिंकिंगवालं कॉम्पोझिशन आणि तिसरं ओरल कम्युनिकेशन म्हणजे वर्गासमोर उभं राहून भाषण देण्याचा कोर्स. एरिया टू मॅथ. थ्री मध्ये एक आर्ट्सचा आणि एक ह्युमॅनिटीजचा. फोर मध्ये सोशल सायन्सचे दोन, पण ते दोन वेगवेगळ्या विषयांतले हवेत, सायकॉलॉजीचेच दोन घेऊन चालत नाही. फाइव्हमध्ये एक फिजिकल सायन्स, एक बायोलॉजिकल सायन्स आणि दोघांपैकी एकाची तरी लॅब. सिक्स म्हणजे एथ्निक स्टडीज. प्रत्येकात सी किंवा वरची ग्रेड, सी मायनस चालत नाही.

तुमच्या मुलाचा सायकॉलॉजीचा कोर्स फोर मध्ये एक म्हणून बसायला हवा, तरी त्या कॉलेजच्या यादीत खात्री करा. अजून एक, डी अँझा आणि फूटहिल कॉलेज सेमिस्टरऐवजी क्वार्टर सिस्टिमवर (छोट्या टर्मवर) चालतात, तिथे ३४ च्या जागी ५१ युनिट म्हणतात. ते जास्त नाहीत, तेवढेच आहेत, दीडपट करून मोजायचं. मी पहिल्या क्वार्टरला हे ५१ बघून घाबरले होते.

रानजाई

मालविका, किती छान समजावलंस गं, खूप धन्यवाद. एपीचं काय? आणि खर्च साधारण किती धरायचा?

नीरजा_के

मी गेली बरीच वर्षं इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात काउन्सेलिंगमध्ये काम करते, रोज याच प्रश्नांची उत्तरं देते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे.

खर्चाचं आधी. कॅलिफोर्नियाच्या रेसिडेंटला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, क्वार्टर युनिटला ३१. म्हणजे ३४ युनिटचं अख्खं जीई १,५६४ डॉलरमध्ये होतं, वर पुस्तकं, हेल्थ फी, पार्किंग. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या फुल टाइम मुलांना बऱ्याच कॉलेजांत दोन वर्षं ही फीसुद्धा माफ असते, ते जरूर विचारा. यूसीची एका वर्षाची ट्यूशन आणि सक्तीची फी मिळून १४ हजारांच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळंच. स्वस्त आहे म्हणून शिक्षण हलकं असेल असं समजणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की एकदा आमच्या वर्गात येऊन बसा. ४०-५० मुलांचा वर्ग, शिकवणारा प्राध्यापक स्वतः निबंध तपासतो, ऑफिस अवर्सना मुलाला नावाने ओळखतो. १९६० साली या राज्याने जो मास्टर प्लॅन केला त्यात ट्रान्सफरचा हा रस्ता मुद्दाम आखलेला आहे, तो मागचा दरवाजा नाही.

आता एपी. स्कोअर ३ किंवा जास्त असेल तर कॅल-गेट्सीत धरता येतं. एपी इंग्लिश लँग्वेजने एरिया वनचा पहिला भाग होतो, एपी बायोलॉजीने बायोलॉजिकल सायन्स आणि लॅब दोन्ही. म्हणजे रानजाई, तुमच्या मुलाचं तेवढं आत्ताच झालेलं आहे, फक्त कॉलेज बोर्डाकडून अधिकृत स्कोअर कॉलेजला पाठवायला हवेत. पण क्रिटिकल थिंकिंग, ओरल कम्युनिकेशन आणि एथ्निक स्टडीज या तीन गोष्टी कुठल्याच एपीने होत नाहीत, त्या वर्गात बसूनच कराव्या लागतात. आणि हे जीईपुरतं झालं. मेजरच्या तयारीत तोच एपी स्कोअर तो कॅम्पस धरेलच असं नाही, तिथे प्रत्येकाचा नियम वेगळा.

तुमच्या ओळखीतल्या मुलाचं जे झालं ते मी नेहमी बघते, आणि बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं. पहिलं, कोर्स ट्रान्सफरेबल असणं आणि कोर्स जीईच्या एरियात बसणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ट्रान्सफरेबल म्हणजे युनिट मोजतील एवढंच. जीईच्या यादीत त्या कोर्सचं नाव हवं, आणि ज्या टर्मला तुम्ही तो घेतला त्या टर्मला हवं. पुढच्या वर्षी यादीत आला तर मागचा उपयोग नाही. दुसरं कारण म्हणजे सर्टिफिकेशन. अकरा कोर्स पूर्ण केले म्हणजे ते आपोआप पलीकडे पोचत नाही. शेवटच्या कम्युनिटी कॉलेजात अर्ज करून कॅल-गेट्सीचं सर्टिफिकेशन फायनल ट्रान्सक्रिप्टबरोबर (गुणपत्रकाबरोबर) पाठवायला सांगावं लागतं. ते नसेल तर नवीन युनिव्हर्सिटी तुमचा एकेक कोर्स स्वतःच्या जीईशी लावून बघते आणि तिथे दोन-चार गळतात. हा एक फॉर्म भरायचा राहिला म्हणून रडकुंडीला आलेली मुलं दर उन्हाळ्यात येतात.

दोन-तीन कॉलेजांत मिळून कोर्स केले तरी चालतं, सर्टिफिकेशन एकाकडूनच घ्यायचं, सगळ्यांचे ट्रान्सक्रिप्ट तिथे द्यायचे. दुसऱ्या कॉलेजातला कोर्स त्या कॉलेजच्या यादीत ज्या एरियात असेल त्याच एरियात धरतात. मात्र कॅल्क्युलस किंवा फिजिक्सची मालिका अर्धी क्वार्टरवाल्या आणि अर्धी सेमिस्टरवाल्या कॉलेजात करू नका, मधलेच चॅप्टर राहून जातात आणि असिस्टवर ती मालिका जुळत नाही.

२०२५ च्या फॉलपासून काही कोर्सचे नंबर सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारखे झालेत. इंग्लिश सी १०००, कम्युनिकेशन सी १०००, स्टॅटिस्टिक्स सी १०००, पोलिटिकल सायन्स, सायकॉलॉजी असे. नंबरात सी दिसला की समजा तो नवीन सामायिक नंबर आहे. पुढे अजून येतायत. यामुळे उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात एखादा कोर्स उरकायचा असेल तर ओळखणं सोपं झालंय.

सह्यकडा

मी पुण्यात असतो, भाचीसाठी वाचतोय. हे वाचून एक प्रश्न पडला तो मनापासून विचारतो. इंजिनिअर व्हायचंय त्या मुलाने आर्ट्स, एथ्निक स्टडीज, भाषणाचा कोर्स यात वर्ष का घालवायचं? आपल्याकडे आता नव्या धोरणात ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन वगैरे आलंय, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे, स्वयमवरचे ऑनलाइन कोर्स सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत धरायची मुभा यूजीसीने दिलीय. पण पोरं ते क्रेडिट भरायचे म्हणून भरतात, कोणी मन लावून करत नाही. तिकडेही तसंच असेल तर एवढा खटाटोप कशासाठी?

चौकटकर

सह्यकडा, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग अगदी रास्त आहे आणि रानजाईंच्या मुलाला तो लागू होतो म्हणून आधी त्यावर.

इंजिनिअरिंगला जाणाऱ्याने कॅल-गेट्सी पूर्ण करावं की नाही हे कुठे जाणार त्यावर आहे. बर्कलीचं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आयगेट्सी धरतच नव्हतं, त्यांची स्वतःची ह्युमॅनिटीज-सोशल सायन्सची वेगळी यादी. यूसीच्या बऱ्याच इंजिनिअरिंगवाल्यांचा सल्ला हाच की आधी मॅथ, फिजिक्स, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग पूर्ण करा. मॅथच चार-पाच कोर्स, फिजिक्स तीन, हे सगळं एकामागोमाग एकच घेता येतं, दोन वर्षांत त्यातच जीव जातो. त्यात अकरा जीई कोंबले तर तीन वर्षं होतात.

मग किमान काय हवं? यूसीला ट्रान्सफर होण्यासाठी सात कोर्सचा एक पॅटर्न आहे. दोन इंग्लिश कॉम्पोझिशनचे, एक मॅथचा, आणि चार कोर्स आर्ट्स-ह्युमॅनिटीज, सोशल सायन्स, सायन्स यांपैकी निदान दोन गटांतून. इंजिनिअरिंगवाल्याचे सायन्सचे तर मेजरमध्येच होतात, म्हणजे दोन इंग्लिश आणि एक-दोन ह्युमॅनिटीज-सोशल सायन्सचे एवढंच वेगळं करावं लागतं. एकूण ६० सेमिस्टर युनिट हवेत म्हणजे ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी) म्हणून घेतात. ७० च्या वर कम्युनिटी कॉलेजचे युनिट मोजत नाहीत पण विषय झालाय हे धरतात, त्यामुळे जास्त झाले म्हणून कोणाची ॲडमिशन जात नाही.

उलट सॅन होजे स्टेट किंवा कुठल्याही सीएसयूला जायचं तर एरिया वनचे तिन्ही भाग आणि मॅथ हे चार ट्रान्सफरच्या आधी झालेच पाहिजेत. तिथे भाषणाचा कोर्स टाळता येत नाही. यूसीच्या सात कोर्समध्ये तो नाही. तुम्ही दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर ओरल कम्युनिकेशन घेऊनच टाका.

नीरजा_के

चौकटकरांना पूर्ण अनुमोदन. सीएसयूबद्दल दोन गोष्टी जोडते. कॅल-गेट्सी झालं तरी सीएसयूत गेल्यावर वरच्या वर्षांचे जीईचे ९ युनिट राहतात, ते कम्युनिटी कॉलेजात होत नाहीत. आणि अमेरिकन हिस्टरी व सरकारव्यवस्था यांची रिक्वायरमेंट जीईहून वेगळी आहे, पण तेच कोर्स एरिया थ्री-फोरमध्येही बसतात, तेव्हा सोशल सायन्स निवडताना पोलिटिकल सायन्स आणि अमेरिकन हिस्टरी घेतली की दोन्ही कामं होतात. काउन्सेलर हे सांगतोच असं नाही, विचारावं लागतं.

तसंच बर्कलीच्या लेटर्स अँड सायन्समध्ये (तिथलं आर्ट्स-सायन्सचं कॉलेज) जाणाऱ्यांचं जीई सर्टिफिकेशनने होतं पण अमेरिकन कल्चर्स म्हणून त्यांची एक वेगळी रिक्वायरमेंट उरते. काही कम्युनिटी कॉलेजांत त्यासाठी मान्य झालेले कोर्स आहेत, असिस्टवर दिसतात.

गोदाकाठ

सह्यकडा, तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मी घेते, कारण मला तो फार जवळचा आहे.

माझी मुलगी नर्सिंगकडे वळायच्या विचारात होती, एथ्निक स्टडीज तिला लागायचं म्हणून तिने घेतलं. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती, मी विचारलं काय आहे, तर १९२३ चा भगतसिंग थिंड यांचा खटला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात काम केलेला माणूस, नागरिकत्व मागतो आणि सुप्रीम कोर्ट सांगतं की तू या कायद्याच्या अर्थाने गोरा नाहीस म्हणून नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या इतर हिंदुस्थानी लोकांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत आपल्या लोकांना इथे नागरिक होता येत नव्हतं आणि दहाच वर्षांनी, १९५६ ला, दलीपसिंग सौंद इंपीरियल व्हॅलीकडून काँग्रेसवर निवडून आले. तिला प्रश्न दिला होता की १९२३ चा निकाल आणि १९४६ चा कायदा यांच्या मधल्या काळात इंपीरियल व्हॅलीतली पंजाबी शेतकरी कुटुंबं जमीन कशी टिकवून होती. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्याला शेतजमीन घ्यायची बंदी होती, त्यामुळे कुणाच्या नावावर घ्यायची, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर कशी ठेवायची, मेक्सिकन बायकांशी झालेली लग्नं, ते सगळं तिने शोधून लिहिलं. मी वीस वर्षांहून जास्त इथे राहतेय, मला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत तेच वाचत बसलो.

हा विषयसुद्धा कोणी वरून लादलेला नाही. १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी काही महिने संप करून तो मिळवलाय, तिथूनच एथ्निक स्टडीजचं पहिलं कॉलेज उभं राहिलं. २०२० ला एबी १४६० ने तो सीएसयूत सगळ्यांना लागू झाला.

इंजिनिअरने हे कशाला शिकायचं असं म्हणू नका. आपल्या मुलांना इथेच राहायचंय, इथल्या माणसांबरोबर काम करायचंय. जीई क्रेडिट भरायचे म्हणून भरायचं की मन लावून करायचं हे कोर्स कुठला निवडतो आणि कोण शिकवतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. म्हणून माझा सल्ला, एरियात बसणारा सगळ्यात सोपा कोर्स शोधू नका, एरियात बसणारा सगळ्यात आवडेल असा शोधा. ११ पैकी ७-८ जागांवर निवडीला भरपूर वाव असतो.

मालविका२१

गोदाकाठ काकू, शंभर टक्के. मी फिजिकल सायन्ससाठी जिऑलॉजी लॅबसकट घेतलं होतं, खनिजाचा रंग, रेघ, कठीणपणा बघून दगड ओळखायची परीक्षा असायची. ट्रेमध्ये एक काळपट, बारीक भोकांचा तुकडा होता, बसॉल्ट. प्रोफेसरांनी नकाशावर डेक्कन ट्रॅप्स दाखवले आणि म्हणाले की ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. मी हात वर करून सांगितलं की माझ्या आजीचं घर याच दगडावर आहे, साताऱ्याला. ते इतके खूश झाले की पुढच्या तासाला मला घाटातले फोटो आणून दाखवायला लावले. सोशिऑलॉजीशी याचा काही संबंध नाही पण तो वर्ग मी कधी विसरणार नाही.

प्लेनोकर

टेक्ससचं लिहितो, इथे पद्धत वेगळी आहे आणि माझ्या मते सोपी. राज्यातल्या सगळ्या पब्लिक कॉलेजांचा ४२ तासांचा एकच कोअर करिक्युलम. कम्युनिकेशन ६, मॅथ ३, सायन्स ६, भाषा-तत्त्वज्ञान-संस्कृती ३, आर्ट्स ३, अमेरिकन हिस्टरी ६, गव्हर्नमेंट ६, सोशल सायन्स ३ आणि उरलेले ६ कॉलेजच्या मर्जीचे. एका पब्लिक कॉलेजात ४२ तास पूर्ण झाले की ट्रान्सक्रिप्टवर कोअर कम्प्लीट असा शेरा येतो आणि दुसऱ्या पब्लिक युनिव्हर्सिटीला तो अख्खा गठ्ठा घ्यावाच लागतो, कोअरचे जादा कोर्स करायला लावता येत नाहीत. अर्धवट झाला असेल तर जेवढे झाले तेवढे धरतात आणि बाकी त्यांच्या यादीप्रमाणे.

आमच्याकडे कॉलिन कॉलेजात हायस्कूलची मुलं ड्युएल क्रेडिटने इंग्लिश १३०१-१३०२, हिस्टरी १३०१-१३०२, गव्हर्नमेंट २३०५-२३०६ असे करून टाकतात. नंबर राज्यभर सारखे असल्यामुळे घोळ कमी. पण एक लक्षात घ्या, कोअर घेणं सक्तीचं आहे, मेजरमध्ये ॲडमिशन देणं नाही. कोअर कम्प्लीट असूनही बिझनेस किंवा इंजिनिअरिंगला नकार मिळालेली मुलं आहेत.

एडिसनची_माई

न्यू जर्सीत २००७ चा कायदा आहे, कम्युनिटी कॉलेजात असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स ही दोन वर्षांची डिग्री पूर्ण केली तर राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत ते जीईसकट पूर्ण दोन वर्षं म्हणून धरतात. डिग्री पूर्ण न करता मध्येच गेलं तर हा फायदा तसाच्या तसा मिळत नाही, कोर्स एकेक करून तपासतात. त्यामुळे इथे एखाद-दुसरा कोर्स राहिला असेल तर तो संपवून डिग्री घेऊनच जावं असं सगळ्यांना सांगते. एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे, तिथे कोर्स टाकून बघता येतं. ए ए एस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) डिग्री मात्र यात येत नाही.

नाशिकचा_मामा

माझा प्रश्न जरा वेगळा. भाचा नाशिकहून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर येतोय, कम्युनिटी कॉलेजात. त्याचं पुणे विद्यापीठाचं बीएस्सीचं पहिलं वर्ष झालेलं आहे, शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. पहिल्या वर्षाचे विषय जीईत धरतील का?

नीरजा_के

मामा, कॅल-गेट्सीच्या एरियांसाठी नाही. अमेरिकेतली विभागीय मान्यता असलेल्या संस्थेचेच कोर्स त्यात चालतात, पुण्याचं इंग्लिश किंवा फिजिक्स तिथे लावता येणार नाही. पण ट्रान्सक्रिप्ट लपवायची मात्र नाही, अर्जात दाखवावीच लागते. यूसी परदेशी ट्रान्सक्रिप्ट स्वतः तपासतं आणि काही युनिट देऊ शकतं, कम्युनिटी कॉलेज मात्र बाहेरच्या एजन्सीकडून केलेलं मूल्यमापन मागतं. असोसिएट डिग्रीच्या इलेक्टिव्हमध्ये थोडे धरले जातात, ते कॉलेजवर आहे.

मराठी माध्यमाचा फायदा दुसरीकडे होईल. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची जी अट असते, ती सहावी किंवा वरच्या इयत्तेत दोन वर्षं इंग्रजीतर माध्यमात शिकलेल्याची आपोआप पूर्ण होते. ही अट आयगेट्सीत यूसीसाठी होती, कॅल-गेट्सीत नाही, पण काही कॅम्पसच्या कॉलेजांची स्वतःची भाषेची अट अजून आहे, बर्कलीच्या लेटर्स अँड सायन्सची आहे. तेव्हा शाळेची सातवी-आठवीची गुणपत्रकं आणि माध्यम मराठी होतं असं लिहिलेला मुख्याध्यापकांचा दाखला, शिक्क्यासहित, निघतानाच बरोबर आणायला सांगा. इथे आल्यावर नाशिकहून मागवायला फार त्रास होतो.

एफ-१ ची एक अट जीईशी जोडलेली आहे ती सांगते. प्रत्येक टर्मला १२ युनिट हवेत आणि त्यात ऑनलाइन एकच कोर्स मोजतात. जीईचे बरेच वर्ग आजकाल ऑनलाइन असतात, रजिस्ट्रेशनला उशीर झाला तर प्रत्यक्ष वर्गातले भरून गेलेले असतात आणि मग स्टेटस राखण्यासाठी नको तो कोर्स घ्यावा लागतो. त्याने इंटरनॅशनल ऑफिसशी बोलून पहिल्या टर्मचं रजिस्ट्रेशन लवकर करावं. फी मात्र ४६ डॉलर नाही, नॉनरेसिडेंट ट्यूशन कितीतरी पट आहे, ती कॉलेजगणिक बदलते.

आणि एच-४ (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलांचे पालक वाचत असतील तर, एच-४ वर रेसिडेंट म्हणून फी लागू शकते पण मूल २१ चं होऊन एफ-१ वर गेलं की तो दर्जा जाऊ शकतो. ट्रान्सफरचं वर्ष आणि २१ वा वाढदिवस जवळ येत असतील तर आधीच कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसशी आणि इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या. जीईची आखणीसुद्धा त्यावर बदलते, कारण एक टर्म वाचली तरी खूप पैसे वाचतात.

पक्या_फ्रीमाँट

टॅगबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. यूसीच्या सहा कॅम्पसला ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी आहे, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला नाही. एकाच कॅम्पसला टॅग भरता येतं, सप्टेंबरमध्ये. मेजरप्रमाणे जीपीए आणि कोर्सच्या अटी असतात आणि काही मेजर, विशेषतः इंजिनिअरिंग-सीएसमधली, यातून वगळलेली असतात, त्या त्या वर्षीचं पत्रक बघा. सीएसयूसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर आहे, त्यात कॅल-गेट्सी आत येतंच.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं एका जागी मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलाला बसवून पूर्ण धागा वाचायला दिला. आता आमचं असं ठरतंय, पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग यांच्या जोडीला क्रिटिकल थिंकिंगचं इंग्लिश आणि ओरल कम्युनिकेशन, कारण ते सॅन होजे स्टेटलाही लागतंच. एथ्निक स्टडीज आणि आर्ट्स उन्हाळ्यात. पहिल्या वर्षाच्या शेवटी मेकॅनिकल की सीएस ठरलं की मग पूर्ण कॅल-गेट्सी करायचं की सात कोर्सवर थांबायचं ते बघू. गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून त्याने स्वतःहून एथ्निक स्टडीजचे चार वेगवेगळे कोर्स काढून बघितले, एशियन अमेरिकन स्टडीजचा घ्यायचा म्हणतोय.

एक शंका राहिली. एपी इंग्लिशने पहिला भाग झाला तर सात कोर्समधलं एक इंग्लिशही झालं का? आणि असिस्टवर वर्ष कुठलं निवडायचं?

नीरजा_के

रानजाई, आराखडा छान आहे. एपी इंग्लिशने पहिल्या इंग्लिशचं काम यूसीलाही होतं, पण बर्कली इंजिनिअरिंगसारख्या ठिकाणी किती स्कोअर लागतो ते वेगळं असतं. ज्या कॅम्पसला अर्ज करायचा तिथलं एपीचं पान बघून ठेवा, आणि शंका राहिली तर कम्युनिटी कॉलेजात ते इंग्लिश घेऊनही टाकता येईल, मात्र दोन्हीचे युनिट मिळत नाहीत.

असिस्टवर मेजरचे करार बघताना उपलब्ध असेल ते सगळ्यात अलीकडचं वर्ष घ्या, आणि दर फॉलला परत उघडून बघा, करार बदलतात. त्या दिवशीचं पान पीडीएफ करून तारखेसह ठेवत जा. कोर्स केला तेव्हाचा करार दाखवता आला तर नंतर पेटिशन (फेरविचाराचा अर्ज) करायला हाताशी कागद असतो. कोर्सचा सिलॅबसही टाकून देऊ नका, वाद झाला की पहिला तोच मागतात.

रानजाई

सिलॅबसचं लक्षात ठेवते. त्याच्या ड्युएल एनरोलमेंटच्या सायकॉलॉजीचा कॅनव्हासवर (कॉलेजची ऑनलाइन वर्गाची साइट) अजून दिसतोय, आजच उतरवून घ्यायला सांगते. त्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्टही वेगळी मागवावी लागेल ना?

नीरजा_के

हो, नक्की. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ती ग्रेड दिसत असली तरी तो कॉलेजचा कायमचा रेकॉर्ड आहे, ज्या कॉलेजने कोर्स दिला त्याच्याकडूनच अधिकृत प्रत नव्या कॉलेजला पाठवायची. फॉलचं रजिस्ट्रेशन सुरू व्हायच्या आधी पाठवा, म्हणजे पहिल्याच एज्युकेशन प्लॅनमध्ये एरिया फोरचा तो एक कोर्स झालेला दिसेल.